बार्शीहून मराठीचे तास

एमए मराठी, बीएड आणि वर सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, असं शिक्षण झालं की आमच्या भागात पुढची वाट ठरलेली असते. कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लागायचं आणि कायम जागा निघायची वाट बघायची. मीही लागले. जेवढे तास घेऊ तेवढ्याचेच पैसे. परीक्षेचे दिवस, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी सगळं बिनपगारी. बिल वर जायचं, त्रुटी निघून परत यायचं, आणि पावसाळ्यात शिकवलेल्याचे पैसे पुढच्या उन्हाळ्यात खात्यावर दिसायचे. वर्गात उभं राहायला मला मनापासून आवडतं, म्हणून हे बरीच वर्षं निभावलं. पण मुलीची फी, सासऱ्यांची औषधं आणि ह्यांच्या दुकानातली मंदी एकदमच आली, तेव्हा दुसरं काहीतरी शोधणं भाग पडलं.

२०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवर तास घ्यायची सवय झालेली होती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या माझ्या नणंदेने विचारलं, "वहिनी, पोरांना मराठी शिकवशील का गं? आम्ही घरी मराठीच बोलतो, पण ती उत्तरं इंग्रजीत देतात." तिच्याकडून पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण तिच्या ओळखीतल्या दोन आया पाठोपाठ आल्या आणि त्यांनी आपणहून फी विचारली. आपली भाषा शिकायला कुणी पैसे मोजतं, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

सगळ्यांनी सल्ला मात्र दिला तो इंग्रजीचा. मराठी कोण शिकणार, जगाला इंग्रजी हवी, तुझं इंग्रजी चांगलं आहे, तेच शिकव. म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या एका साइटवर अर्ज भरायला घेतला. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मोजक्या देशांची यादी होती आणि तिच्यात भारत नव्हता. अर्ज तिथेच संपला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही त्या धंद्यातली रीतच आहे. चिनी मुलांना इंग्रजी शिकवणारी व्हीआयपीकिड ही मोठी कंपनी अमेरिका आणि कॅनडातलेच शिक्षक घेत असे. फिलिपिन्सच्या शिक्षकांना फिफ्टीवन-टॉक या तशाच दुसऱ्या कंपनीने मोठ्या संख्येने काम दिलं. घरातल्या एका कोपऱ्यात दिवा लावून बसायचं, समोर पडद्यावर बीजिंगचं नाहीतर शांघायचं मूल, पंचवीस मिनिटांचा तास. कितीतरी शिक्षिकांची घरं त्यावर चालली. मग जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक नियम आणले. परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घ्यायलाही त्यात मनाई झाली. एका सरकारी निर्णयासरशी मनिलापासून सेबूपर्यंतच्या शिक्षकांच्या कामाचा पायाच गेला.

हे वाचून माझं मन पक्कं झालं. इंग्रजीच्या रांगेत मी कायम मागेच उभी राहणार. मराठीत माझं राष्ट्रीयत्व, माझं गाव, माझा उच्चार कुणी विचारणार नाही, उलट त्यासाठीच लोक येतील.

भाषेच्या शिकवण्यांच्या मोठ्या साइट दोन-तीनच आहेत आणि मराठी त्यांच्यावर आहे. आयटॉकीवर प्रशिक्षित शिक्षक आणि नुसता बोलण्याचा सराव देणारे, असे दोन वर्ग आहेत. पहिल्यासाठी पदवीचे किंवा प्रशिक्षणाचे कागद दाखवावे लागतात. आमची बीएडची पदवी इथे कामाला येते. प्रेप्लीवर विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाची पूर्ण रक्कम कंपनीकडे जाते. पुढे कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होतं आणि जसजसे तास भरत जातात तसतसं १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. दर आपला आपण ठरवायचा. मी दोन्हीकडची माहिती वाचली, आमच्या गल्लीतल्या बीसीए करणाऱ्या मुलाकडून शंका फेडून घेतल्या आणि एका ठिकाणी नाव नोंदवलं. ओळखपत्र, पदव्या, दोन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी बोलले. गच्चीच्या दाराशी उजेड चांगला येतो, तिथेच बसून केला.

सुरुवातीला हिंदीही ठेवली होती, कारण हिंदीचं गिऱ्हाईक जास्त. पण तिथे शिक्षकही खंडीभर. दर इतका खाली आलेला की कमिशन कापून हातात फारसं काही उरत नाही. शिवाय हिंदी शिकणारा बहुतेक वेळा राजस्थानच्या सहलीपुरता येतो. तिकीट झालं, सहल झाली, तासही संपले. मराठीचं उलटं निघालं. आठवडेच्या आठवडे कुणी फिरकत नाही, पण जो येतो तो राहतो. मराठी शिकणाऱ्यामागे बहुतेक वेळा एखादं माणूस असतं. नाशिकची सासू असते, सांगलीचे आजोबा असतात, नाहीतर एखादा प्रबंध असतो, जो अभंग मुळातून वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. अशांना दोन महिन्यांत आटपायचं नसतं. माझ्या कमाईचा सगळा पाया या टिकण्यावर आहे, आणि इंग्रजीच्या मागे धावणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी हेच पोटतिडकीने सांगत असते.

आता शिकवण्याबद्दल, कारण खरं काम तिथे आहे. कॉलेजात मी दलित आत्मकथनं शिकवली, संतसाहित्य शिकवलं. समोरच्या मुलांना मराठी येतच होती. इथे समोर होता रॉटरडॅमचा एक इंजिनिअर, बायको नाशिकची. तिसऱ्या-चौथ्या तासाला त्याने विचारलं, "मी आंबा खाल्ला, पण मी भाकरी खाल्ली. खाणारा मीच. मग क्रियापद का बदललं?" शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो, व्याख्या पाठ करतो आणि दोन गुण मिळवतो. त्याला ती व्याख्या देऊन काडीचा उपयोग नव्हता. मी उठले, स्वयंपाकघरातून ताट आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. भात, भाकरी, वरण. एकेका पदार्थावर बोट ठेवून म्हणत गेले: मी भात खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी वरण खाल्लं. मग ताटात दुसरी भाकरी ठेवली: मी भाकऱ्या खाल्ल्या. मग त्याला म्हटलं, आता तुमच्या ताटात काय आहे? त्याच्याकडे पाव, चीज आणि सफरचंद होतं. त्याने सांगितलं, "मी पाव खाल्ला, मी चीज खाल्लं, मी सफरचंद खाल्लं." चीजला नपुंसकलिंग त्याने आपल्या आपण लावलं होतं, सासरी ऐकून. त्या तासानंतर मी पहिले चार आठवडे एकही व्याकरणाची संज्ञा वापरत नाही. ताट, पिशवी, कपाट, घरातली माणसं यांच्यावरच भूतकाळ बसवते.

सामान्यरूपाने, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द जो बदलतो त्याने, याहून दमवलं. घर, घरात. शाळा, शाळेत. रस्ता, रस्त्यावर. आपल्याला हे आपोआप येतं, म्हणून त्यामागचा नियम आपल्याला सांगता येत नाही. विद्यार्थी "शाळात" म्हणतो तेव्हा चूक आहे एवढं सांगून भागत नाही. पुढचा शब्द त्याचा त्याला करता आला पाहिजे. मी वह्याच्या वह्या भरल्या. शब्दांचे गट पाडले: आकारान्त पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी, अकारान्त, ईकारान्त, आणि कुठल्याच गटात न बसणारे. मग प्रत्येक गटाला एक म्होरक्या शब्द दिला. "रस्त्यासारखा" म्हटलं की विद्यार्थ्याला कळतं की वाडा, चष्मा, कांदा हे सगळे त्याच वाटेने जाणार: वाड्यावर, चष्म्यात, कांद्याची. विभक्तीचा जो तक्ता आपण प्रथमा ते संबोधन असा घोकला, त्याने परक्या माणसाला एक वाक्यही बोलता येत नाही. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आपली भाषा दुसऱ्याला कशी शिकवावी याची एक पूर्ण अभ्यासपत्रिका असायला हवी, असं मला आता ठाम वाटतं. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावी मराठी शाळा भरतात. म्हणजे हे ज्ञान कुठे ना कुठे आहे. ते लातूर-बार्शीच्या एमएच्या वर्गापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात जवळची विद्यार्थिनी म्हणाल तर इस्रायलमधली. बेने इस्रायली कुटुंबातली, पन्नाशीची, अश्दोद शहरात नर्स. तिचे आजी-आजोबा रेवदंड्याकडचे. जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले हे मराठी ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले, पण घरातली मराठी त्यांनी बरोबर नेली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलं आहे. हिला मराठी कानाने पुष्कळ कळायची. मलिदा, पोहे, सांदण हे शब्द तिच्या घरचेच. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं, आणि आजीची पत्रं एका डब्यात तशीच पडून होती. तिने एका पत्राचा फोटो पाठवला. अक्षर तिरपं, शाई फिकट, आणि जोडाक्षरं जुन्या वळणाची. बाराखडीपासून सुरुवात केली तर त्या पत्रापर्यंत पोचायला वर्ष लागलं असतं. म्हणून उलट बाजूने गेलो. पत्रातले नेहमीचे शब्द आधी घेतले: खुशाल, तब्येत, पाऊस, भात, पैसे, मुलं. त्या शब्दांत जेवढी अक्षरं होती तेवढीच शिकवली. पत्राच्या वरच्या ओळीत "वि. वि." होतं, तिथे ती अडली, ते "विनंती विशेष", पत्राच्या सुरुवातीचा रिवाज, हे सांगावं लागलं. पहिलं वाक्य तिने एकटीने वाचलं ते असं: इकडे पाऊस चांगला झाला, भात लावून झाला. तिच्या आजीच्या आवाजात ते वाक्य तिने मला दोनदा म्हणून दाखवलं.

तिचे तास आम्ही शुक्रवारी सकाळी ठेवतो. त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शब्बाथ. त्या वेळेत संगणक बंद. प्रत्येक विद्यार्थ्याचं असं काही ना काही असतं आणि ते पाळावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मुलांची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. उन्हाळ्यात साडेसहाला असलेला तास नोव्हेंबरपासून साडेसातला येतो, कारण तिकडे घड्याळं मागे होतात, आणि मार्चमध्ये परत साडेसहा. न्यू जर्सीची मुलं त्यांच्या शनिवारी सकाळी बसतात, तेव्हा इथे दिवेलागणीची वेळ असते. इस्रायलची घड्याळं तिसऱ्याच तारखांना हलतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी हे बदल लाल शाईने लिहून ठेवते.

साडेसहा ही आमच्याकडे नळाला पाणी यायची वेळ. ते रोज येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी सोडून चालत नाही. यावर सासूबाईंनीच तोडगा काढला. त्या दिवशी पाण्याचं त्या आणि हे बघतात, माझ्या खोलीचं दार बंद राहतं. बाईमाणूस सकाळी सकाळी दार लावून फोनवर बोलते, यावर गल्लीत कुजबुज झाली तेव्हा त्याच पुढे झाल्या: "ती कॉलेज करायलीय, बोलू नका." वीज जाते म्हणून राउटरला छोटा इन्व्हर्टर लावला आणि फोनचा डेटा हाताशी ठेवला. या कामात घरातल्यांची साथ ही वायफायइतकीच लागते. ज्या मैत्रिणींना ती मिळाली नाही त्यांनी हुशारी असूनही हे सोडलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पैशाचं आता स्पष्टच सांगते, कारण यावर लोक गोलगोल बोलतात. मी तासाला ७ डॉलरवर सुरुवात केली. साइटचं कमिशन आणि रूपांतराचा खर्च जाऊन हातात पावणेचारशेच्या आसपास यायचे. आता दर १६ डॉलर आहे आणि कमिशनही उतरलं आहे. महिन्याचं एकूण बघितलं तर सीएचबीच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक पडतं, आणि मुख्य म्हणजे वेळेवर पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरात ते निम्म्यावर येतं, कारण मुलं सुट्टीवर जातात. ते धरूनच वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. हे पैसे परदेशातून येतात म्हणून बँक पर्पज कोड विचारते, म्हणजे रक्कम कशाबद्दलची ते सांगायचं. शिक्षणसेवा म्हणून सांगितलं. दरवेळी परकीय रकमेची पावती मागून घ्यायची आणि फायलीत लावायची. प्राप्तिकराचं विवरण दरवर्षी भरते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटीची नोंदणी लागत नाही, असं आमच्या सीएंनी कागद बघून सांगितलं. परदेशातून आलेल्या पैशाला कर नाही असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये.

दर वाढवला तेव्हा एका आईने मला म्हटलं, "ताई, रुपयांत बघा ना, तुम्हाला किती होतात ते!" राग आला, पण शांतपणे उत्तर दिलं. म्हटलं, "तुमच्या मुलाचा पियानोचा तास कितीचा आहे?" तो ६० डॉलरचा निघाला. मग म्हटलं, "मी आत्ता कुठे त्याच्या पावपटीवर गेलेय." त्यांनी मान्य केलं आणि मुलगा आजही शिकतो आहे. परकी माणसं या बाबतीत सरळ असतात हे मला नोंदवायलाच हवं. घासाघीस करतात ते आपलेच, आणि मराठीला मान मिळाला पाहिजे असं सगळ्यात मोठ्याने म्हणतात तेही तेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा माझा फोन अभिनंदनाने भरून गेला होता. मला त्याचा आनंद आहे. पण मराठी शिकवणाऱ्या बाईला तिच्या तासाचे योग्य पैसे देणं, हाही भाषेचा मानच आहे.

"शुद्ध मराठी शिकवाल ना?" हा प्रश्नही नेहमीचा. मी लिहायला-वाचायला प्रमाण मराठीच शिकवते, त्यात कसूर करत नाही. पण विद्यार्थ्याचं माणूस कुठलं हे आधी विचारते. ज्याचे आजोबा सोलापूरचे, त्याला "काय करायलास?" हेही यायला हवं, नाहीतर आजोबांचा फोन आल्यावर तो गप्प बसेल. एका मुलाने दिवाळीत आजोबांना हेच विचारलं आणि आजोबांनी त्याच्याशी पाऊण तास गप्पा मारल्या, असं त्याच्या आईने कळवलं.

मराठीचं मागणं छोटं आहे हे मी लपवत नाही. हजारो लोकांचं पोट यावर भरणार नाही. पण तालुक्यातालुक्यात सीएचबीवर झुरणाऱ्या मराठीच्या शंभरएक शिक्षकांना त्यातून नीट मिळकत होऊ शकते असं माझं मत आहे. सीरियन निर्वासितांना अरबी शिकवण्याचं काम मिळवून देणारी नातकल्लम ही संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. लेबनॉनमध्ये ज्यांना नोकरी करायची परवानगी मिळत नव्हती, त्यांनी आपल्या भाषेवर घर चालवलं. आपल्याकडे निदान डोक्यावर छप्पर आहे, हातात पदवी आहे.

आम्ही पाच जणी आणि एक सर, सगळे सीएचबीवाले, आता एकत्र काम करतो. एकीकडे जास्त विद्यार्थी झाले की दुसरीकडे वळवतो, आणि धडे सगळ्यांचे सामाईक. आमच्यातल्या मोडी लिपी येणाऱ्या मॅडमना जुन्या दफ्तरांवर काम करणारा एक संशोधक मिळाला आहे. पुण्यात बदली होऊन आलेल्या अमराठी बँक अधिकाऱ्यांचा एक गट रुपयांत शिकतो. दर कमी, पण दहा जण एकदम बसतात. सामान्यरूपाच्या माझ्या वह्या आम्ही धड्यांच्या रूपात बसवत आहोत आणि प्रत्येक धड्याला आवाज जोडायचा आहे. बार्शीचे, लातूरचे, सांगलीचे आवाज झाले. वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी बोलणारे अजून मिळालेले नाहीत. त्यांना ध्वनिमुद्रणाचे पैसे द्यायचे ठरलं आहे आणि त्यासाठी या महिन्यापासून प्रत्येकाच्या मिळकतीतून थोडी थोडी रक्कम बाजूला काढतो आहोत.